शिवणीतली माया

मराठी साहित्याने गोधडी जितक्या वेळा अंगावर ओढून घेतली, तितक्या वेळा ती उलटून पाहिली नाही, अशी आमची जुनी तक्रार आहे. कविता असो, कथा असो वा दिवाळी अंकातला स्मरणलेख असो. गोधडी आली की आई येते, आई आली की ऊब येते आणि ऊब आली की लेखकाचे डोळे पाणावतात. पाणावलेल्या डोळ्यांना टाका दिसत नाही. कोणते कापड खाली घातले, कोणते वर आले, कोठे दंड घातला, कोठे जुनी शिवण उसवून घेतली, हे विचारण्याची शुद्ध मग कोणाला राहते? ज्या वस्तूवर इतके लिहिले गेले तिच्या घडणीविषयी इतके थोडे लिहिले जावे, ही गोष्ट समीक्षेच्या कक्षेत येते असे आम्हांस वाटते, म्हणून हा प्रपंच.

निमित्त घडले ते एरंडोलला. गेल्या पौषात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दोन रात्री मुक्कामास होतो. खानदेशची थंडी आम्हां वसईकरांना सोसत नाही, हे जाणून स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी आमच्या अंथरुणावर एक गोधडी आणून टाकली. रात्री तिने आपले काम चोख बजावले. सकाळी अंगणातल्या उन्हात ती वाळत घातली तेव्हा मात्र आम्ही तिला पहिल्यांदा नीट पाहिले, आणि चहा निवेपर्यंत पाहतच राहिलो.

तिची खालची बाजू एका अखंड नऊवारी लुगड्याची होती. रंग उडालेला, पण काठ शाबूत. वरच्या बाजूला निरनिराळ्या कपड्यांचे तुकडे होते. एका कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाची खाकी चड्डी उसवून सपाट केलेली. तिच्या शेजारी चौकड्यांचा सदरा, ज्याच्या खिशाची जागा सभोवतालच्या कापडापेक्षा गडद राहिली होती, कारण खिशाखाली ऊन पोहोचले नव्हते. मध्यभागी पिठाच्या पिशवीचे कापड, त्यावरची अक्षरे धुऊन धुऊन फिकी झालेली. कडेपासून सुरू झालेला धावदोरा चौकोनामागे चौकोन घेत आत आत येत होता आणि मध्याशी येऊन मिटला होता. मातोश्रींनी बोट ठेवून एकेक तुकडा सांगितला : “हाई मन्हा लुगडाना पदर शे, आन् हाई पोऱ्याना सदरा.” त्या ‘पोऱ्याने’, म्हणजे आमच्या साठी उलटलेल्या स्नेह्यांनी, संकोचाने मान फिरवली. आमच्या मनात आले, या बाईंनी एक घराचा इतिहास लिहिला आहे आणि त्यात तारखा नसल्या तरी क्रम चुकलेला नाही.

एरंडोलच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक अस्तर आहे. अंजनी नदीकाठचे हे जुने गाव पांडववाड्यासाठी आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीसाठी सर्वांना ठाऊक आहे. परंतु इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात त्याची ख्याती नोंदली आहे ती जाड्याभरड्या देशी कागदासाठी. हाती बनणारा देशी कागद म्हणजे जुने तरट, झिजलेले दोरखंड, चिंध्या यांचा लगदा. कुटून, धुऊन, चाळणीवर धरून, भिंतीला वाळवून त्याचा ताव होई. म्हणजे जीर्ण कापडाला आपल्या देशात दोन गती होत्या : एक गोधडीची आणि दुसरी कागदाची. आम्ही लेखक मंडळी ज्या कागदाचे इतके गोडवे गातो, त्याच्या कुळात कोणाचे तरी फाटके धडुते असे. चिंधीचे ऋण साहित्याने असे पहिल्यापासून घेतलेले आहे. ते फेडले किती, हा प्रश्न आहे.

एरंडोलच्या शेजारचा तालुका अमळनेर. तेथल्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी शिकवले आणि पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्या घराघरांत हे पुस्तक वाचले गेले आहे. त्यात धाकट्या भावाला नवा कोट मिळावा म्हणून श्याम खाऊचे पैसे साठवतो, कापड घेतो, शिंप्याकडून कोट शिवून घेतो आणि भर पावसात घरी घेऊन जातो, हा प्रसंग आठवून आजही गळा दाटतो. पण पुन्हा वाचताना आमच्या लक्षात आले की, गुरुजींची दृष्टी सर्वस्वी देण्यावर खिळली आहे, शिवण्यावर नाही. कोट हा त्यांच्या लेखी त्यागाचे चिन्ह आहे. तो कसा बेतला, भाऊ वाढता होता म्हणून बाहीत किती कापड आत सोडले, हे त्यांच्या कथेचे विषय नाहीत. हा दोष नव्हे. गुरुजींना जे सांगायचे होते त्याला ते पुरेसे होते. मात्र त्यांच्यामागून आलेल्यांनी तेवढेच उचलले. त्यांच्याकडे गुरुजींची दारिद्र्याची जाण नव्हती, फक्त अश्रू होते. आणि मग गोधडीचा मखमली देव्हारा झाला.

याच मुलखात अगदी उलट दृष्टी होती, ती बहिणाबाईंची. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या शेतकरी बाईला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने लिहून ठेवल्या व १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. सुगरणीच्या खोप्यावरचे तिचे गाणे कोणाला ठाऊक नाही? आम्ही ते लहानपणी पाठ केले आणि आईच्या मायेचे गाणे म्हणून सोडून दिले. प्रत्यक्षात ते कारागिरीचे परीक्षण आहे. पक्षीण कशाने विणते, साधन किती तोकडे, खोपा कोठे टांगला, हे बाई पाहते. आणि अखेरीस आपल्याला दहा बोटे मिळूनही आपण काय करतो, हा खोचक हिशेब माणसापुढे ठेवते. माया तिथे आहेच, पण ती विणीतून दिसते. प्रथम हात पाहायचा, मग हृदय. गोधडीवर लिहिणाऱ्यांनी हा क्रम धरला असता तर आमची तक्रार उरली नसती.

आता ज्यांना ऊब मिळाली नाही त्यांच्याविषयी. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात मुंबईच्या कावाखान्यातल्या बाया रस्तोरस्ती चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे वेचतात, घरी आणून निवडतात आणि विकतात. तिथे चिंधी ही आठवण नाही, ती भाकरी आहे. चिंधीला जे मोल ‘बलुतं’मध्ये येते ते आमच्या गोधडीलेखकांच्या शंभर पानांत येत नाही, कारण तिथे कोणी तिच्याकडे पाहून उसासा टाकत नाही. ज्याला जुने वापरण्याची सक्ती आहे तो जुन्याचे कौतुक करीत नाही, ही साधी गोष्ट आहे. आपल्या समाजात तर या सक्तीला शास्त्राधार होता. मनुस्मृतीने चांडाळांना मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केले. जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत सोडा, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच भाषणात कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, तो स्वच्छ असला पाहिजे, असेही बजावले. आमच्या मते वस्त्राविषयीची इतकी नेमकी समीक्षा मराठी मुलखात दुसरी झाली नाही. ठिगळ आणि कलंक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी दोन वाक्यांत दाखवले. ठिगळ आपण लावतो. कलंक दुसरा लावतो.

गाडगेबाबांचे उदाहरण याच्या जोडीला ठेवावेसे वाटते. परीट समाजात जन्मलेला हा पुरुष नाना रंगांच्या चिंध्यांचे कपडे घालून हिंडला. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. लोकांची वस्त्रे धुऊन उजळ करणाऱ्यांच्या कुळातल्या माणसाने स्वतः असे वस्त्र निवडावे, यात नम्रता होती तशी एक टीकाही होती. ते निवडलेले होते, हे महत्त्वाचे. असिसीच्या संत फ्रान्सिसचा ठिगळांचा झगा आजही असिसीत जपून ठेवला आहे. तोही कापडव्यापाऱ्याच्या मुलाने निवडलेला होता. निवडलेले ठिगळ आणि लादलेले ठिगळ दुरून सारखेच दिसतात. जवळ जाऊन पाहणे हे समीक्षकाचे काम.

जवळ जाऊन पाहण्यात आमच्या माहितीत बोहारणीइतके तरबेज कोणी नाही. जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देणारी ही बाई दारात बसते, पँट उचलते, उजेडासमोर धरते, बैठक पाहते, गुडघा पाहते, सदऱ्याची काख पाहते, आणि बाजूला फेकते. आपण ‘चांगली आहे हो’ म्हणत राहतो, ती ऐकत नाही. एका पातेल्याला तीन साड्या की चार, यावर होणारी घासाघीस आम्ही लहानपणापासून ऐकली आहे, आणि ती वस्तूच्या गुणदोषांवरची खरीखुरी चर्चा असते. दिल्लीतल्या अशा व्यापाराचा माग घेऊन ल्युसी नॉरिस या इंग्रज संशोधिकेने २०१० साली एक अख्खे पुस्तक लिहिले. आपल्याकडे मात्र बोहारीण अजून विनोदी नाटुकल्यांतच अडकून आहे.

येथे आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी एका धर्मग्रामात गरजूंसाठी जुने कपडे गोळा झाले आणि ते निवडण्याचे काम आमच्याकडे आले. गाठोडी सोडली तेव्हा पाहिले की, निम्म्या सदऱ्यांची बटणे कापून घेतलेली. कोणा गृहिणीने सदरा दिला, पण बटणे घरच्या डब्यात ठेवली. एका झग्याची काख फाटून लोंबत होती, दुसऱ्याला मेणाचे डाग. आम्ही मनातल्या मनात देणाऱ्यांचा पुष्कळ उद्धार केला. आणि मग एका गाठोड्यातून एक करडी पँट निघाली, जिची चेन अर्ध्यावर अडकलेली होती. ती आमची होती. चेन बदलायला शिंप्याकडे द्यावी लागेल म्हणून आम्ही ती ‘दान’ केली होती. ती पँट आम्ही गुपचूप घरी आणली. चेन बदलायला पंधरा मिनिटे लागली.

प्रेषितांच्या कृत्यांत याफो गावची तबिथा, म्हणजे दुर्कस, मरण पावते तेव्हा विधवा बायका पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात. आम्ही हा प्रसंग नेहमी चमत्कारासाठी वाचला. आता वाटते, त्या बायका रडता रडता शिवणकामाचे प्रदर्शन मांडत होत्या. ती किती भली होती हे सांगण्यासाठी त्यांनी भाषण केले नाही. कापड पुढे केले. त्या कपड्यांना बटणे लावायची रीत असती तर ती कापलेली नसती, अशी आमची खात्री आहे. तसेच शुभवर्तमानातल्या नव्या ठिगळाच्या दृष्टान्ताचे. कोऱ्या, न आटलेल्या कापडाचे ठिगळ जुन्यावर लावले तर ते धुण्यात आटते आणि मूळचे भोक मोठे होते. त्यावर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली, पण एरंडोलच्या मातोश्रींना त्याचा अर्थ उलगडावा लागला नाही. गोधडीत नवा तुकडा घालायचा तर आधी तो दोनदा भिजवून वाळवायचा, हे त्यांनी आम्हांला न विचारता सांगितले.

आता शहरांत निराळीच हवा आहे. जुन्या साड्यांचे कुर्ते, जीनच्या पिशव्या, ठिगळांची जाकिटे यांना मोठी दुकाने झाली आहेत. तरुण मुलेमुली वापरलेले कपडे हुडकून आणतात, स्वतः बेततात, मापात आणतात. याला नाके मुरडणारे आम्ही नव्हे. उलट, कातर हातात धरणारी पिढी पुन्हा आली याचा आनंद वाटतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशन आले तेव्हा तिथल्या सरकारने १९४३ मध्ये जुने कसे दुरुस्त करावे याची पुस्तिकाच काढली होती. गरज आली की साहेबालाही ठिगळ लावता येते. पण कारखान्यात नव्या कोऱ्या कापडाला मुद्दाम फाडून, झिजवून, वर ठिगळ चिकटवून जे विकले जाते त्याला आम्ही कारागिरी म्हणणार नाही. तो केवळ वेश आहे. ज्या गुडघ्यावर कोणी कधी टेकले नाही त्या गुडघ्याला भोक कशाचे?

कौतुकाचाही धोका असतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांपासून गोधड्या शिवत आल्या. त्यांतली मिसूरी पेटवे हिने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी केली. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात टांगल्या गेल्या. मोठमोठ्या समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांशी केली. आणि २००७ साली त्यांतल्या काही बायकांना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी कोर्टात जावे लागले. भिंतीवर चढलेली गोधडी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडेही येणार आहे. त्यापेक्षा आपल्या सीमेवरचे एक उदाहरण आम्हांला जवळचे वाटते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ अशीच जुन्या कपड्यांची असते. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांचे फूल बसवतात, त्याविना कवंदी नागडी समजतात. त्यांच्यांतल्या कॅथलिक बाया कधी वर क्रूसही बसवतात. अंथरायच्या वस्तूला नागडेपणाची लाज असावी, हा सौंदर्यविचार आम्हांला कोणत्याही सौंदर्यशास्त्रात सापडला नाही.

दानाच्या बाबतीत अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेचे नाव घ्यावे लागेल. शहरातले जुने कपडे ती खेड्यांत नेते, पण भीक म्हणून वाटत नाही. गावाने विहीर, रस्ता, बांध असे काम करायचे आणि कपडे हा त्या कामाचा मान. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमची बटणे कापलेली गाठोडी आणि ही रीत यांत जो फरक आहे तो आम्हांला रुचत नाही, पण दिसतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र आम्हांला एरंडोलच्या अंगणातच कळली. मातोश्रींनी अलीकडे गोधडी शिवणे जवळजवळ सोडले आहे. डोळे गेले म्हणून नव्हे. कापड गेले म्हणून. कापसाच्या मुलखात राहून त्यांच्या पेटीत आता सुती जुनेर उरलेले नाही. सुनेच्या साड्या पॉलिएस्टरच्या. थर एकमेकांवरून घसरतात, सुई दाद देत नाही, आणि उन्हाळ्यात, खानदेशच्या उन्हाळ्यात, ते कापड घाम टिपत नाही. जुने कापड मऊ होते. हे जुने होते, पण मऊ होत नाही. नातवंडांचे तयार कपडे त्यांनी उसवून पाहिले आणि आमच्यासमोर एक विजार उलटी करून ठेवली. शिवणीच्या आत करंगळीच्या नखाएवढेही कापड नव्हते. यंत्राने काठ कापत कापतच ओव्हरलॉक मारलेला. सैल करायला जागा नाही, खाली सोडायला दुमड नाही.

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. किती माया सोडू, असे शिंपी विचारत असे आणि आई सांगे, भरपूर सोडा, पोर वाढते आहे. आमच्या साहित्याने मायेचा गोधडीशी जो संबंध जोडला तो या अर्थाने कधी जोडला नाही, आणि आमच्या लेखी खरा संबंध हाच. ही माया मोजता येते. बोटभर, दोन बोटे. ती पुढच्या वर्षीच्या अंगासाठी असते, पुढच्या भावासाठी असते, आणि शेवटी उसवून सपाट करणाऱ्या हातासाठी असते. ती नसलेला कपडा कितीही सुंदर असला तरी एकदाच होतो. त्याची गोधडी होत नाही, धाकट्याचा सदरा होत नाही. आणि हे बाजारात कोणी लबाडी म्हणून करत नाही. लाखो कपड्यांत बोटभर कापड वाचले की त्याचा पैसा होतो, इतकेच. तरुणांनी जुना कपडा विकत घेताना रंग आणि नक्षी पाहावी, पण तो उलटून माया आहे का हेही पाहावे. बोहारीण तेच पाहते.

निघण्याच्या दिवशी मातोश्रींनी आमची ती करडी पँट पाहिली. चेन बदलल्यापासून आम्ही ती प्रवासात घालतो. त्यांनी पायाची घडी बोटांनी चाचपली, आत दोन बोटे माया आहे म्हणाल्या, आणि पँट आखूड झाली आहे हे आम्हांला दिसत कसे नाही म्हणून विचारले. मग आम्हांला लुंगी नेसायला लावून त्यांनी दुमड उसवली. आत जुना गडद रंग तसाच होता. सुती दोऱ्याने हातशिलाई घालून त्यांनी पँट परत दिली तेव्हा जळगावच्या गाडीला अर्धा तास होता, आणि पायाच्या खालच्या बाजूला एक गडद पट्टा दिसत होता, तो अजून दिसतो.